दक्षिणेचं दार

मी इंडस्ट्रियल टेक्नॉलॉजी शिकले आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलंय की तितक्या वेळा स्वतःचं नावही सांगितलं नसेल. आणि एकदाही त्याच्यापुढे पूर्णविराम देता आलेला नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नक्की काय?" जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या मावशीनं तर मी पहिल्या वर्षाला असतानाच निकाल देऊन टाकला होता, "म्हणजे आयटीआयच की, नुसतं लांबड लावलेलं." पुढच्या खेपेला तिच्याकडे गेले तेव्हा चहाच्या आधी तिनं बिघडलेला मिक्सर माझ्यासमोर आणून ठेवला. मला मिक्सर दुरुस्त करता येत नाही, असं सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते माझ्या पदवीबद्दलचं या शहराचं सर्वसाधारण मत आहे.

मी समजावून सांगत नाही असं नाही. सांगते की, कारखाना कसा चालतो आणि बहुतेक वेळा का चालत नाही, याचं हे शिक्षण. यंत्रं कुठं ठेवायची, माणसं कुठं बसवायची, माल कुठून आत यावा, कुठून बाहेर जावा, काय वाया जातंय, कुणाचा हात कशात अडकेल, आग लागली तर माणसं कुठून पळतील. विद्यापीठात आम्ही प्रत्येक यंत्राच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापायचो आणि मोठ्या कागदावर ते सरकवत बसायचो. माझी आई एकदा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सारीपाट शिकिवत्यात व्हय तुमाला?"

लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. एका मुलाचे वडील पोह्यांची बशी खाली ठेवून कळवळून म्हणाले होते, "मुलीला पगार मिळतो ते कळलं हो. पण मुलगी करते काय, ते आम्ही पाहुण्यांना काय सांगायचं?" त्यांना डॉक्टरीण चालली असती, बँकेतली चालली असती, शिक्षिका तर धावली असती. मी जे करते त्याला मराठीत एका शब्दाचं नाव नाही, आणि एका शब्दात सांगता येत नाही ते आपल्याकडे काम नसतंच.

वर्गातल्या इतरांचं बरं चाललंय असंही नाही. एक जण चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करतो आणि दिवाळीला आला की फक्त झोपतो. एक मैत्रीण साखर कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. हेल्मेट घाला म्हणून ती रोज ओरडते आणि लोक त्या हेल्मेटमध्ये भेळ कालवतात, असं ती शपथेवर सांगते. दोघं तिघं स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत आहेत. एक विमा विकतो, आणि आमच्यात सगळ्यात सुखी तोच दिसतो. खरं सांगायचं तर हे शिक्षण चांगलं आहे. वाईट एवढंच की ते शिकून बाहेर पडलेल्या माणसाला पुढे जन्मभर सगळीकडे चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तू दिसत राहतात. लग्नाच्या पंगतीत बसले तरी मला वाढप्यांचा रस्ता चुकलेला दिसतो. देवळात दिसतो तो जाणाऱ्यांचा आणि येणाऱ्यांचा एकच अरुंद दरवाजा.

मला पुण्याला जायचं होतं. आई म्हणाली, "पुण्याला कशाला? हितं कारखाना हाय की." हितं म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, जिथं ती स्वतः कामाला होती. आम्ही मूळचे मोहोळकडचे. वडील टेम्पो चालवायचे. ते गेले तेव्हा मी शाळेत होते, आणि आई या टॉवेलच्या कारखान्यात शिलाई खात्यात लागली. टॉवेलच्या कडा दुमडून त्यावर टीप मारायची, नगावर पैसे. तेव्हापासून ती तिथंच, त्याच मशीनवर, त्याच कोपऱ्यात. तिला एकटं सोडून जायचं मनाला पटलं नाही, आणि तिनं मालकांशी बोलणंही परस्पर करून टाकलं होतं. "पोरगी कारखान्याचंच शिकलीया," एवढीच तिची शिफारस. मालकांना ती पटली. माझ्या पदवीचा इतका सरळ अर्थ त्याआधी कुणी लावला नव्हता, हे मान्य करायला हवं.

मालक घरात कन्नड बोलणारे आणि बाजारात मराठी. स्वभावानं उदार, बोलायला मऊ, कपाळाला विभूती. रागावले की दोन्ही भाषा सोडून नुसते "ब्याड, ब्याड" म्हणत हात हलवायचे, म्हणजे नको, नको. त्यांनी मला ऑफिसात एसीच्या खाली बसवलं आणि गिऱ्हाइकांना टॉवेलचे फोटो पाठवायचं काम दिलं. मी म्हटलं, मला आत खात्यात काम करायचंय. ते म्हणाले, "मॅडम, आत लई धूळ हाय. तुम्ही शिकलेल्या." मी म्हटलं, धुळीचंच शिकलेय. त्यांना तो विनोद वाटला. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून त्यांनी उत्पादन आणि सुरक्षा अशी दोन खाती माझ्या नावावर लावली. खुर्ची मात्र एसीखालीच राहिली.

आत गेल्यावर आणखी एक त्रास होता. आई. घरी मला "ए बया" म्हणणारी आई कारखान्यात मला मोठ्यानं "मॅडम" म्हणायची. चारचौघींसमोर उठून उभी राहायची. "बस की गं," असं मी दातओठ खात कुजबुजले की आणखी मोठ्यानं, "व्हय मॅडम!" शिलाई खात्यातल्या बाकीच्या बहुतेक बायका तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांतल्या. त्या आईला अक्का म्हणायच्या आणि आमचा हा खेळ बघून तोंडाला पदर लावून हसायच्या.

आता कारखाना कसा होता ते सांगते. लांबलचक शेड. उत्तरेला मोठं फाटक, तिथून सूत आत यायचं आणि टॉवेल बाहेर जायचे. मधे माग, त्यांच्या पलीकडे टॉवेलच्या गाठींच्या थप्प्या, आणि सगळ्यात शेवटी, दक्षिणेच्या भिंतीला लागून, शिलाई खातं. म्हणजे माझ्या आईला बाहेर पडायचं तर गाठींच्या बोळातून, मागांच्या खडखडाटातून, सगळी शेड पार करून जायला हवं. हवेत कापसाची बारीक लव सतत उडत असते. ती तारांवर, पंख्यांवर, नळ्यांवर साचते, आणि ती कशी पेटते ते आम्हाला प्रयोगशाळेत चिमूटभर घेऊन दाखवलं होतं. ती पेटते म्हणणंही चूक आहे, ती असते आणि मग नसते.

आणि दक्षिणेच्या भिंतीत एक दार होतं. म्हणजे पूर्वी होतं. आईच्या मशीनपासून हाकेच्या अंतरावर, चांगलं रुंद, थेट मागच्या रस्त्यावर उघडणारं. ते विटांनी बुजवलं होतं. गिलाव्याचा रंग तेवढा वेगळा दिसायचा. मी मालकांना कारण विचारलं तेव्हा ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांच्या अंगावर पाल पडली. "दक्षिण हाय ती, मॅडम." एका वर्षी धंद्यात खोट आली, वास्तुशास्त्रवाल्यांना बोलावलं, त्यांनी दार बघितलं आणि सांगितलं, ही यमाची दिशा, इथून लक्ष्मी जाते आणि तो येतो. गवंडी त्याच आठवड्यात आला. बाकी वास्तुशास्त्रवाल्यांनी पाण्याची टाकी, बॉयलर, मालकांची खुर्ची सगळं दिशा बघून हलवलं होतं. म्हणजे ते जे करत होते ते माझंच काम होतं. फक्त त्यांचं लोक चहा-फराळ देऊन ऐकत होते.

मी नकाशा काढला. शेवटच्या मशीनपासून उत्तरेच्या फाटकापर्यंतचा रस्ता लाल रेघेनं दाखवला. मधे कुठं कुठं अडेल ते दाखवलं. मालकांनी मन लावून बघितलं आणि म्हणाले, "सुंदर काढलाय." तो त्यांनी ऑफिसात चौकट करून लावला. मी कपाळाला हात लावला.

आईला म्हटलं, निदान तू तरी जागा बदल. फाटकाजवळ एक मशीन रिकामं आहे, तिथं बस. ती म्हणाली, "न्हाय. माझी मशीन हीच. हितं हात बसलाय माझा." पालथ्या घड्यावर पाणी. मी रोज सकाळी ऑफिसात बसून गिऱ्हाइकांना गुलाबी टॉवेलचे फोटो पाठवायचे आणि डोळ्यांपुढे तो कोपरा असायचा. घरी मी तिच्याशी यावरून इतकी भांडले की शेजारीण एकदा विचारायला आली, सगळं ठीक आहे ना.

मग परदेशी गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर येऊ घातली आणि तिच्याआधी त्यांचा तपासनीस येणार असं कळलं. ही परदेशी मंडळी टॉवेलच्या आधी कारखाना तपासतात. संडास किती, पिण्याचं पाणी कुठं, बाहेर पडायचे रस्ते किती. रस्ते दोन हवेत, आणि शिलाई खात्याजवळ एक हवाच. मला वाटलं, चला, जे मला जमलं नाही ते टॉवेलनं जमवलं. मी खुशीत सुट्टी घेऊन मैत्रिणीच्या लग्नाला गेले. हाच तो मूर्खपणा. परत येऊन बघते तर दक्षिणेच्या भिंतीवर नवंकोरं हिरवं दार! वर दिव्याची पाटी, पळणारा माणूस, बाण, सगळं. मला इतका आनंद झाला की मी जवळ जाऊन कडी ओढली. सुतार आपल्या कामाला चोख होता. दार अजिबात न कुरकुरता उघडलं. आत विटा होत्या.

विटांवर एक तांब्याचं यंत्रही ठोकलेलं होतं, कुंकू लावलेलं.

मी ऑफिसात गेले तेव्हा माझा आवाज चढलेला होता. मालक शांत. "मॅडम, त्यास्नी दार पाहिजे, आपण दार दिलं. उघडून कोण बघतंय? विचारलं तर तुम्ही सांगायचं, चावी मॅनेजरकडं हाय." मी म्हटलं, मी सांगणार नाही. "का?" या प्रश्नावर काय बोलावं ते मला चार वर्षांच्या शिक्षणात कुणी शिकवलं नव्हतं. ते माझी थट्टाही करत नव्हते. त्यांना खरोखर कळत नव्हतं की एवढ्या सोयीस्कर व्यवस्थेत मला काय खुपतंय.

तपासनीस आला. चष्मा, पाठीवर सॅक, मितभाषी. त्यानं संडास बघितले, पाणी बघितलं, आणि चालत चालत थेट त्या दाराशी जाऊन कडी ओढली. दार उघडलं. तो विटांकडे बघत राहिला. विटा त्याच्याकडे बघत राहिल्या. मालक म्हणाले, "वर्क इन प्रोग्रेस." मी तोंड उघडलं असतं तर हसू आलं असतं की रडू, याची मला खात्री नव्हती. तपासनिसानं मुदत दिली. दार खरं उघडा, आणि मी परत येईन तेव्हा मला सराव करून दाखवा. भोंगा वाजल्यावर या खात्यातली माणसं या दारातून बाहेर पडताना मला दिसली पाहिजेत, तरच ऑर्डर.

मालकांनी दोन दिवस काढले ते वास्तुशास्त्रवाल्यांशी बोलण्यात. त्यांनी उपाय सांगितला. उंबऱ्यात तांब्याची पट्टी पुरा आणि दारावर पंचमुखी मारुती लावा, म्हणजे दोष जातो. इतक्या वर्षांचा यम एका तसबिरीत मिटला. मी म्हटलं, हरकत नाही, मारुती तर मारुती, वीट हलली म्हणजे झालं. गवंडी आला, विटा पडल्या, आणि त्या कोपऱ्यात पहिल्यांदा ऊन आलं. पळणारा हिरवा माणूस आणि त्याच्यावर मारुतीराया. दोघंही घाईत.

आता खरी कटकट सुरू झाली. मालकांचा दोष गेला, पण बायकांचा गेला नाही. दार उघडल्याच्या आठवड्यात एकीच्या मुलाला ताप आला. दुसरीच्या बोटात सुई गेली. सुई तिच्या बोटात दर महिन्याला जाते, हे तिनंच मला पूर्वी सांगितलेलं, पण आता ती दारामुळे गेली होती. उंबऱ्याजवळ लिंबू दिसू लागलं. कुणीतरी दाराला जुन्या चादरीचा पडदा शिवून लावला. जेवायच्या सुट्टीत सगळ्या जणी त्या उघड्या दाराकडे पाठ करून, गाठींच्या बोळातून, मागांच्या खडखडाटातून, आख्खी शेड पार करून उत्तरेच्या फाटकातून बाहेर जायच्या, आणि मागच्या रस्त्यावरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली, म्हणजे त्या दाराच्या बरोबर समोर, वळसा घालून येऊन डबे उघडायच्या. हे मी रोज बघायचे. माणसाचं डोकं यापेक्षा कमी कारणानं फिरतं.

त्यांच्यात सगळ्यात पुढे माझी आई.

मी पहिला सराव घेतला. आधी सगळ्यांना बसवून समजावलं. धूर वरून खाली कसा भरतो, वाट कशी दिसेनाशी होते, मधल्या गाठी कशा आडव्या येतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भोंगा वाजवला. सगळ्या उठल्या आणि उत्तरेकडे पळाल्या. आई मागं राहिली, म्हणून क्षणभर मला आशा वाटली. ती चपला शोधत होती. मग तिनं डबा घेतला, शिवून झालेले टॉवेल मोजून एका कपड्यात बांधले, गाठ मारली आणि गठ्ठ्यासकट उत्तरेकडे निघाली. "पळ की!" मी किंचाळले. ती म्हणाली, "येते की मॅडम, नग टाकून जाऊ का?"

घरी त्या रात्री मी जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं आणि समोर बसली.

"त्या दारातनं कोण जातंय ठावं हाय का तुला?" ती म्हणाली. "मढं न्हेत्यात दक्षिणेला."

"आई, ते दार फक्त बाहेर पडायला आहे. जीव वाचवायला."

"तुझा बा गेला तवा आपण कुटं ऱ्हात हुतो? त्या भाड्याच्या खोलीचं दार कुनीकडं हुतं?"

"बाबा हार्ट अटॅकनं गेले."

"व्हय," आई म्हणाली. "पण अटॅक आला कुटनं?"

माझ्याकडे कोष्टकं होती, आलेख होते, धुराचे व्हिडिओ होते. तिच्याकडे एक खोली होती, एक दार होतं आणि एक माणूस होता. मी ताट ओढून घेतलं आणि गार भाकरी चावत बसले, कारण भूक लागली होती आणि भांडण हरले होते.

दुसऱ्या सरावालाही तेच झालं. तिसऱ्याला दोघी तरुण मुली दारापर्यंत गेल्या आणि पडदा बाजूला करून परत फिरल्या. मालकांनी मला बोलावून घेतलं. या वेळी ते मऊ बोलले नाहीत. "मॅडम, तुम्ही म्हणालात म्हणून दार उघडलं. आता बायकाच जाईनात. तपासनिसासमोर असंच झालं तर ऑर्डर गेली. मग मी ते दार ठेवून करू काय? बुजवून टाकतो. आणि सेफ्टीच नसली तर सेफ्टीच्या मॅडम तरी कशाला?" त्यांच्या बाजूनं हिशेब सरळ होता. माझी नोकरी जाईल याचं दुःख होतंच, नाही असं नाही. पण मी गेल्यावर त्या विटा परत रचल्या जातील आणि आई त्यांच्यापाशी पाय हलवत टीप मारत बसेल, हे मला सहन होईना. हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं कुकर लावला.

तपासनीस आला तो दिवस. मी दाराबाहेर उभी राहिले, म्हणजे बायकांना मी दिसावी. पडदा काढून टाकला होता. लिंबू सकाळीच लाथेनं उडवलं होतं, आणि ते करताना आजूबाजूला कुणी नाही ना हे मीसुद्धा बघितलं होतं. तपासनीस माझ्या शेजारी. मालक आत, मारुतीच्या तसबिरीकडे डोळे लावून. भोंगा वाजला.

बायका उठल्या. उत्तरेकडे जायचं नाही हे त्यांना बजावलेलं होतं, म्हणून त्या दाराकडे आल्या. आणि उंबऱ्याच्या आत येऊन थांबल्या. सगळ्या, एकमेकींना चिकटून. कुणी एक जण पुटपुटली, "वद्दू अक्का, वद्दू." म्हणजे नको, अक्का, नको. मी बाहेरून हात केला. या. या ना. कुणाचं पाऊल उचलेना. तपासनिसानं माझ्याकडे बघितलं. भोंगा वाजतच होता. मला इतका संताप आला की वाटलं, आत जाऊन एकेकीला दंडाला धरून बाहेर फेकावं.

मग बायकांच्या मागून आईचा आवाज आला. "सरा."

बायका सरल्या. आईनं डबा घेतला नव्हता, टॉवेल घेतले नव्हते. पायात चपलाही नव्हत्या. तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि उंबऱ्याशी येऊन मागं वळली.

"तुमची कुकवं हायती," ती बायकांना म्हणाली. "माझं जे न्यायचं ते त्यानं कवाच न्हेलंय. मी जाते पुढं. काय बी आलं तर माज्यावर यील. तुमी माझ्या मागनं या."

आणि ती बाहेर आली. माझ्याकडे न बघता माझ्या अंगावरून पुढे गेली आणि रस्त्यात जाऊन उभी राहिली. तिच्या मागून एक आली, मग दोघी, मग सगळ्याच आल्या, उंबरा ओलांडताना पाय उचलून, पाण्यात उतरल्यासारख्या. तपासनिसानं घड्याळ बघितलं, टॅबवर काहीतरी टिपलं आणि मला इंग्रजीत विचारलं, त्या बाई काय म्हणाल्या? मी सांगितलं, लवकर चला म्हणाल्या. तो म्हणाला, चांगलं नेतृत्व आहे, त्यांना सुरक्षा समितीत घ्या.

दार राहिलं. ऑर्डर आली. नोकरीही राहिली. मालकांनी पेढे वाटले आणि मारुतीला नारळ फोडला. आपलं म्हणणं खरं झालं की आनंद होतो म्हणतात, तो मला झाला नाही. मला राग आला होता. मालकांचा, वास्तुशास्त्रवाल्यांचा, त्या शहाण्या तपासनिसाचा, आणि सगळ्यात जास्त आईचा. जे मी जीव वाचवण्याचं दार म्हणून महिनोन्महिने ओरडून सांगितलं, त्यातून ती मरणाच्या दारातून गेल्यासारखी गेली. माझं एक अक्षरही तिला पटलं नव्हतं. सराव पुरा झाला होता आणि मी पुरती नापास झाले होते.

एरवी आई इतर बायकांबरोबर रिक्षानं घरी यायची, मॅडमच्या गाडीवर बसायला तिला लाज वाटायची. त्या संध्याकाळी मी तिला जबरदस्तीनं स्कूटीवर बसवलं. अक्कलकोट रोडला सुट्टीची गर्दी होती, सायकली, मोटारसायकली, धूळ. मग न राहवून विचारलं, "तुला अजून वाटतं, त्या दारातनं गेलं की माणूस मरतं?"

"व्हय," ती म्हणाली.

"खरंच वाटतं?"

"वाटतं की."

"मग गेलीस कशाला?"

"तुझी नोकरी जात हुती न्हवं," आई म्हणाली.

मी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. मला पुढचा रस्ता दिसत नव्हता.

"काय झालं?" मागून आईनं विचारलं. "पेट्रोल संपलं व्हय?"